डोक्यावर हात

युगांडातल्या गुलू गावच्या बाजारात लान्येरोचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो काढून ती पोट भरते आणि उरलेल्या वेळात उट्टं काढते. युद्धात छावणीत राहिलेल्या माणसांना ती ठेवणीतल्या कपड्यांत बसवते, परदेशी पेपरात छापलेला त्यांचाच रडका फोटो त्यांच्या हातात देते आणि खाली ठळक अक्षरांत त्यांचं नाव लिहिते. पेपरात नाव कुणाचंच नव्हतं. या फोटोंत ती स्वतः मात्र नाही.

तिचा फोटो परदेशी पेपरच्या हेनिंग नावाच्या गोऱ्या फोटोग्राफरने काढला होता. ती नऊ वर्षांची, छावणीत मका वाटपाच्या रांगेत मैत्रिणीशी खिदळत होती. त्याने तिला बाजूला घेतलं, बिस्कीट दिलं आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवायला लावले. त्यांच्या आचोली जमातीत पोरीने असे हात ठेवले की आई फटकाच मारते, "कोण मेलंय गं? मला मारायला निघालीस?" पण गोऱ्याला नाही कोण म्हणणार! फोटोखाली छापलं, 'अनाथ'. तिची आई तेव्हा चांगली धडधाकट होती. तीन आठवड्यांत कॉलऱ्याने गेली. कॉलरा सगळ्या छावणीत होता, हे लान्येरोला कळतं. तरी तिने त्याला माफ केलेलं नाही आणि करायचंही नाही.

परवा तोच हेनिंग, आता म्हातारा, तिच्या दारात उभा. तेव्हाची ती आणि आत्ताची ती, असे दोन फोटो त्याला शेजारी शेजारी छापायचे होते.

"काढा की," ती गोड हसून म्हणाली. "पण आधी तुमचा मी काढते. बसा. आई आहे का हो तुमची?"

"आहे तर! ब्याण्णव वर्षांची."

"वा! दोन्ही हात डोक्यावर ठेवा. हसू नका."

त्याने ठेवले. शेजारची शिंपीण मिन ओपिरा हातातलं कापड टाकून धावत आली.

"अगं ए, काय करतेस हे? त्याची आई जिवंत आहे ना!"

"म्हणून तर."

"काय म्हणतायत या?" हेनिंगने विचारलं. मिन ओपिराने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं.

"असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही," तो हसला. हात मात्र झटकन खाली आले. त्याने खिशातून फोन काढला आणि आईला लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना. त्याने पुन्हा लावला. त्याचे डोळे भरून आले.

"आता हलू नका," लान्येरो म्हणाली आणि तिने बटण दाबलं.