सहावं ठिकाण, उदगीर

या सदरात मी आजवर फक्त दुसऱ्यांच्या अनुभवांखाली शेरे मारत आलोय. 'घरातली वायरिंग तपासून घ्या.' 'मांजर असेल.' 'जेवण हलकं ठेवा.' भुतांबद्दल माझं मत एवढंच, की ज्यांची कामं जिवंतपणी झाली नाहीत ते मेल्यावर पुन्हा खेटे घालायला येतील इतके मूर्ख नसावेत. तेव्हा आज मीच लिहायला बसलोय याची पुरेशी लाज वाटते आहे. खाली काय शेरे पडतील तेही ठाऊक आहे... त्यातले निम्मे मी स्वतःवर मारून पाहिलेत.

मी नांदेडचा. सलीम आणि मी मिळून लाईव्ह प्रक्षेपणाचा धंदा करतो. सलीमच्या आजोबांपासून त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, त्यामुळे कॅमेरे तो बघतो, कॉम्प्युटर मी. लग्नं, वास्तुशांत्या, आणि मुख्य म्हणजे सत्कार. मराठवाड्यात पाणी कमी पडतं, सत्कार कधी कमी पडलेले नाहीत.

कॅमेऱ्याचं चित्र माझ्याकडे येतं आणि ते कुठं कुठं पाठवायचं ते मी ठरवतो. त्या ठिकाणाला धंद्यात डेस्टिनेशन म्हणतात. एका ठिकाणाची एक ओळ : नाव, पत्ता आणि अक्षर-आकड्यांची लांबलचक किल्ली. किल्ली जुळली की ओळीपुढे हिरवा दिवा लागतो. ओळ पुसली की किल्ली मेली, चित्र जायचं बंद. इतकं साधं आहे. यात गूढ शोधणाऱ्याला टपालपेटीतही गूढ सापडेल.

धंद्याचा पहिला नियम मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. मान्यवर काहीही बोलले तरी हसायचं. आमचं टेबल स्टेजच्या कडेला असतं, बोलताना त्यांची नजर आमच्याकडे जाते. सलीम म्हणतो, "भाऊ, इतकं हसू नका, दात सुकतील."

तर, लातूर. औसा रोडवरचं एक मंगल कार्यालय, सकाळी दहाची वेळ. एका निवृत्त मुख्याध्यापकांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. मुलाचे मोठे क्लासेस आहेत, त्याला सगळे सर म्हणतात. स्टेजच्या मागच्या भिंतीला चिकटून गुरुजींचा वीस फुटी फ्लेक्स होता आणि समोर ग्रंथतुलेचा काटा. तुलेच्या दुसऱ्या पारड्यात क्लासच्याच गाईडांचे गठ्ठे होते. ज्ञानाचं वजन आमच्याकडे असंच भरतं.

गौरवग्रंथ मी भाषणं चालू असताना वाचून काढला. (मी नेहमीच काहीतरी वाचतो. भाषणं ऐकून माणूस लवकर म्हातारा होतो.) त्यात गुरुजींचं आंतरजातीय विवाहावरचं एक जुनं भाषण होतं. चांगलं होतं, खरंच. कुटुंबाच्या पानावर एकच अपत्य होतं : सर.

दुसरं अपत्य मला आदल्या आठवड्यात कळलं होतं, सलीमकडून. त्याची सासुरवाडी उदगीरची. सासऱ्यांच्या गल्लीत एक आक्का राहतात, गुरुजींची थोरली लेक. तीस वर्षांपूर्वी त्यांनी दुसऱ्या जातीतल्या पोस्टमनशी लग्न केलं. गुरुजींनी व्याख्यानांत सांगितलेलं बहुधा त्यांनी एकटीनंच मनावर घेतलं होतं. तेव्हापासून घराचा दरवाजा बंद. आता त्यांच्या किडन्या गेल्या होत्या, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं.

आक्कांनी मला स्वतः फोन केला. कार्यक्रम क्लासच्या चॅनेलवर सगळ्यांना दिसणार होताच. पण त्यात दिसतात पुढारी आणि क्लासच्या जाहिराती.

"मला भाषणं नकोत, भाऊ," त्या म्हणाल्या. "अण्णांचं तोंड दिसू द्या नुसतं. तीस वर्षं बघितलं न्हाई."

मी म्हणालो, दिसेल.

आमचा तीन नंबरचा कॅमेरा खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, स्टेजसमोर असतो. तो मी फक्त गुरुजींच्या चेहऱ्यावर लावायला सांगितला आणि त्याच्यासाठी एक वेगळं, खासगी ठिकाण तयार केलं. चॅनेल, पेज, आमदारांचं पेज, केबल, बाहेरचा पडदा अशी पाच ठिकाणं होती. सहावं उदगीर. लिंक आक्कांना पाठवली. सकाळी दहाला हिरवा दिवा लागला, बघणारे : एक. त्यांचा मेसेज आला. "दिसले. वाळलेत लई."

आता माझी चूक. आमच्याकडे यादीतलं एक नाव वाचायचं राहिलं तर पुढची दोन वर्षं बोलणं बंद होतं. म्हणून निवेदकाच्या हातात जी यादी पडेल ती तो शेवटापर्यंत वाचतो. कार्यक्रम किती ठिकाणी दिसतोय याची यादीही मी दर वेळी छापून देतो, यजमान खूष होतात. त्या दिवशीही दिली. सहावी ओळ खोडायची राहिली.

निवेदकानं एकेक नाव पुढाऱ्याचं घ्यावं तसं घेतलं. आणि शेवटी, "...आणि थेट उदगीर!" टाळ्या पडल्या. उदगीरचे काही पाहुणे होते, त्यांनी जरा जास्तच वाजवल्या.

सर स्टेजवरून उतरून माझ्यापाशी आले. खांद्यावर हात, चेहऱ्यावर फोटोतलं हसू.

"उदगीरला कोण हाय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर त्यांनीच दिलं. "आक्का."

मी सहाव्या ओळीपुढचा हिरवा दिवा बघत राहिलो.

"तिनं बघू न्हाई असं माझं म्हणणं न्हाई," ते तसंच हसत म्हणाले. "पण अण्णांना कळलं तर स्टेजवरनं उठून जातील. आमदारसाहेब अजून यायचेत. काढा ते."

मी दिवा नुसता बंद करू शकलो असतो आणि ते वळल्यावर पुन्हा लावू शकलो असतो. पण ते उभे होते. मी ओळच पुसली. बारा वाजायला वीस मिनिटं होती.

मेसेज आला. "भाऊ दिसंना गेलंय." मग, "फेटा सारखा करत होते तेवढ्यात गेलं." मी लिहिलं, 'नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, बघतो.' फोन पालथा घातला आणि गौरवग्रंथ उघडला. समतेवरचं प्रकरण चालू होतं.

सव्वातीनला सगळं संपलं. प्रक्षेपण बंद केलं, कॉम्प्युटर बंद करून बॅगेत भरला. सलीमनं कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या काढल्या, कॅमेरे गाडीत नेले आणि तो बाहेर वायरी गुंडाळत बसला. हे क्रमानं सांगतोय कारण मी ते नंतर शंभरदा मोजलंय. सभागृहाच्या पार टोकाला कामगार खुर्च्या मिटत होते. गुरुजी स्टेजवर सोफ्यात एकटेच पेढा खात बसले होते. त्यांच्या कॉलरचा माईक काढायला मी गेलो. तोही बंदच होता. माझं तोंड त्यांच्याकडे, पाठ सभागृहाकडे.

बोलायची गरज नव्हती. पण सकाळपासून काहीतरी टोचत होतं, ते कुठंतरी उतरवावं म्हणून म्हणालो, "गुरुजी, उदगीरहून आक्का बघत होत्या."

"आता न्हाई ना?"

"नाही."

"तो बोलका माणूस उदगीर म्हणाला तवाच कळलं मला." त्यांनी पेढ्याचे हात सगळ्यात वरच्या शालीला पुसले. ती साहेबांनी घातलेली होती. "ती गेली त्या दिवशी तिच्या नावानं आंघोळ केली मी. दोन तांबे जास्त घेतले. मेल्या माणसाला कसलं लाईव्ह दाखवता?"

मग म्हणाले, माईकची पिन टोचते, लवकर काढा. मी काढली.

हे बोलणं मी कोणालाही सांगितलं नाही. नांदेडला परतताना गाडीत सलीमलाही नाही.

तीन दिवसांनी आम्ही दोघं उदगीरला गेलो. गुरुजींच्या चेहऱ्याचे तुकडे जोडून मी एक पेनड्राईव्ह केला होता. सोबत एक खोटंही तयार ठेवलं होतं, वाटेत दोनदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. आक्का खाटेवर होत्या, पाय सुजलेले, चेहरा वडिलांचाच. त्यांच्या यजमानांनी, दत्तूभाऊंनी, चहा केला.

"गुरुजींनी आठवण काढली तुमची," मी म्हणालो.

"काढली की," त्या म्हणाल्या. "आंघोळीची."

चहाची बशी माझ्या हातात होती, एवढं आठवतं.

"दोन तांबे जास्त," त्या म्हणाल्या. आवाजात रडणं नव्हतं. सकाळी चित्र गेलं तरी त्यांनी फोन हातातून ठेवला नव्हता, असं त्यांनी सांगितलं. दुपारी चित्र परत आलं. गर्दी नव्हती. अण्णांनी पेढा खाऊन शालीला हात पुसले. "तीच सवय. आई ओरडायची." मग आवाजही आला, शेजारी बसून ऐकावा इतका स्वच्छ.

दत्तूभाऊ म्हणाले, "मी हितंच होतो. फोन काळा होता, नुसतं गोल फिरून राहिलं होतं. ही त्याच्याकडं बघून राहिली. म्हणलं, ठेव आता. न्हाई म्हणाली."

सलीम माझ्याकडे बघत होता. "भाऊ, कसली आंघोळ?"

त्याला खरोखर माहीत नव्हतं.

घरी येऊन मी काय काय तपासलं ते सांगतो, म्हणजे शेरे लिहिणाऱ्यांचे कष्ट वाचतील. रेकॉर्डिंग सव्वातीनला संपतं, त्यात हे नाही. पुसलेल्या ओळीची नोंद पाहिली. बारा वाजायला वीस मिनिटांनंतर उदगीरकडे काही गेलेलं नाही. आक्कांचा फोन दत्तूभाऊंनी उदगीरलाच माझ्या हातात दिला होता. त्या दिवशी मला केलेले तीन मेसेज आणि माझं उत्तर यांपलीकडे काही नव्हतं, कुणाचा कॉल नाही. आंघोळीचं त्यांनी पूर्वीच कुणाकडून ऐकलं असेल? असेल. शालीची सवय तर लेकीला ठाऊक असणारच. एखाद्या कामगारानं टोकावरून ऐकून कुणाला सांगितलं असेल? तीस वर्षांत ज्या घरी निरोप गेला नाही तिथं तो तीन दिवसांत कसा गेला, हा प्रश्न उरतो. पण माणूस समजूत घालून घेऊ शकतो, आणि मीही घातली असती.

अठरा दिवसांनी आक्का गेल्या. दत्तूभाऊंनी लातूरला कळवलं होतं. कोणी आलं नाही. तिकडची आंघोळ आधीच झालेली होती.

पण समजूत जिथं अडते ते अजून सांगितलं नाही. त्या दिवशी उदगीरहून निघताना मी चप्पल घालत होतो. आक्कांनी हाक मारली.

"अण्णांचं काही न्हाई," त्या म्हणाल्या. "ते तसेच. मला ठाऊकच होतं. पण भाऊ, ते तसं बोलले तवा तुम्ही हसलात कशाला?"

मी हसलो होतो. मला स्वतःलाही ते त्यांनी विचारेपर्यंत माहीत नव्हतं. मान्यवर बोलले, मी हसलो. छान, सवयीचं, पूर्ण दात दाखवून. सभागृहाकडे माझी पाठ होती. माझं तोंड त्या क्षणी फक्त गुरुजींना दिसत होतं, आणि त्यांच्यामागच्या भिंतीवरच्या फ्लेक्सला. तिथं कॅमेरा नव्हता. भिंतीतून कॅमेरा लावत नाहीत.

मी दुसऱ्या पायातली चप्पल घातली.

आजही माझ्याकडे याचा उलगडा नाही. वायरिंग तपासलीय, मांजर नव्हतं. परवा देगलूरला एक सत्कार होता. पाहुणे काहीतरी बोलले, सगळे हसले. सलीमनं नंतर विचारलं, बरं नव्हतं का? मी म्हणालो, ठीक होतो. खरं म्हणजे मी हसायच्या आधी स्टेजमागचा फ्लेक्स बघत होतो, आणि बघेपर्यंत हसायची वेळ निघून गेली.