वरचा ठिपका
कणकेच्या खळीचा वास आला की मला कोर्टाचा बेलिफ आठवतो. पोलीस ॲक्शननंतरची वर्षं, गुलमंडीतलं आमचं जाळीच्या खिडक्यांचं घर. कुणाच्या तरी थकलेल्या कर्जाचं उर्दू समन्स तो आमच्या दाराला चिकटवायला निघाला. ‘नाव आमचं नाय,’ वडील म्हणाले. ‘पत्ता तर हाच, जाली मकान,’ तो खिडकीच्या जाळीकडं बोट करून म्हणाला. उर्दू शाळेत शिकलेल्या आत्यानं कागद ओढला. ‘ज आन् ख दिसायला सारखेच; ठिपका अक्षराच्या खाली असता तर जाली. हा वर हाय, म्हंजी खाली!’ वर म्हणजे खाली कसं, मला कळेना. मग समजलं, उर्दूत खाली म्हणजे रिकामं. बेलिफानं चष्मा पुसला आणि शेजारच्या कुलूपबंद घराला खळ फासली. घर रिकामं आहे हे पत्त्यातच लिहिलेलं. मग ते समन्स वाचायचं कुणी, हे मला अजून कळलेलं नाही.