पाटीवरचं सेंद्रिय

मी नागपूरला पांढऱ्या दिव्यांसाठी सेंद्रिय पदार्थ बनवायचे. केसाहून कितीतरी पातळ थरात निळा आणि नारिंगी प्रकाश देणारे रेणू चिमूटभर मिसळले की दोन्ही मिळून पांढरा उजेड पडतो. ज्या पदार्थात ते मिसळायचे त्याला होस्ट म्हणतात. विजेची ऊर्जा आधी तो घेतो आणि मग त्या रेणूंना देतो. असे होस्ट तयार करण्यात माझी पीएचडीची वर्षं गेली.

पदवी मिळाली तेव्हा नांदुरा तालुक्यातल्या आमच्या गावाने सत्कार केला. भाषणात मी सहज 'सेंद्रिय' म्हणून गेले. पहिल्या रांगेत कृषी केंद्राचा मालक बसला होता.

दिवाळीला गावी आले तर त्याच्या दुकानाच्या पाटीवर माझा सत्काराचा फोटो. खाली लिहिलेलं, 'गावच्या लेकीचं सेंद्रिय संशोधन. बोंडअळीवर खात्रीशीर.' काउंटरवर हिरव्या बाटल्या. बीटी कपाशीला अळी लागतच नाही, असं सांगून बियाणं विकणाराही हाच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, हा फोटो कोनाले इचारून लावला?"

"खोटं काय लिवलं? सेंद्रिय तूच म्हनली होती."

"मी दिव्याचं बोलली होती. आमच्यात सेंद्रिय म्हंजे कार्बनचं. तसं पाह्यलं त तुमच्या कपाटातलं जहर बी सेंद्रियच हाय."

"मंग झालं त," तो हसला.

तेवढ्यात आमच्या शेजारची चाची आत आली. तिचं शेत आमच्या बांधाला लागून. तिने ओढणीतून एक बोंड काढून माझ्यासमोर फोडलं. आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली.

"बेटा, तुहा फोटू पाहूनच फवारलं. माह्यं काही चुकलं का? पानी जास्त पडलं का त्यात?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी स्टुलावर चढले आणि पाटी ओढून काढली. लोक जमले. मालक गर्दीत आलेल्या माझ्या वडिलांना म्हणाला, "पोरीले समजावा." वडिलांनीही तीच बाटली नेली होती. ते म्हणाले, "काढू दे तिले."

मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार केली. तिथल्या साहेबांनी बाटली ठेवून घेतली. पुढे विचारलं तर म्हणाले, नमुना तपासणीला पोचलाच नाही.

चाचीने कपाशी उपटून हरभरा पेरला. पुढच्या हंगामात त्याच बाटल्यांवर दुसरं नाव आलं. दुकान चालूच आहे. लोक मला म्हणतात, जाऊ दे आता. नाही जात.