गंधकाची भजी

आमच्या आंब्याला भुरी झाली म्हणून मला अटक व्हायची वेळ आली होती.

निजामी शेवटच्या घटका मोजत होती तेव्हाची गोष्ट. मी लातुरात मास्तर. परसात एकच आंबा, सासऱ्यांनी निलंग्याहून रोप आणून स्वतःच्या हातानं लावलेला. ते गेले आणि त्यानंतर झाड पहिल्यांदाच मोहरलं. ही रोज सकाळी झाडाखाली जाऊन उभी राहायची. खोडावरून हात फिरवायची. बाप आठवतोय, हे मला कळायचं.

एक दिवस मोहोरावर पांढरं पीठ दिसलं. मी (शिकलेला माणूस!) लगेच निदान केलं, शेजारच्या गिरणीचं पीठ उडतंय. गिरणीवाल्याशी कडाकडा भांडून आलो. मोहोर पुसून काढला, तर पुन्हा पांढरा! वर गळायलाही लागला. शेवटी औशाहून हिचे मामा आले. त्यांनी मोहोरावरून बोट फिरवलं.

"जावईबापू, पीठ न्हाई, भुरी हाय ही. बुरशीचा रोग. गंधकाची भुकटी धुरळा, न्हाईतर एक कैरी धरायची न्हाई."

गंधक! त्या दिवसांत, निजामाविरुद्धच्या लढ्यामुळे, गंधक म्हटलं की बाँब. लोक नाव घेतानासुद्धा आवाज खाली आणायचे. पण हिचा चेहरा पाहिला आणि गेलो. एका ओळखीच्या वैद्याकडून गंधक आणला आणि बेसनाच्या रिकाम्या डब्यात लपवला. पिवळ्याच्या जागी पिवळं, कुणाला काय कळणार?

दुसऱ्या सकाळी दारात ठाण्याचे अमीनसाहेब, मागे दोन जवान!

"क्या मास्टर, पिवळी भुकटी आणली म्हणे?"

"बे... बेसन, साहेब!"

"बेसन? वा! मग होऊन जाऊ द्या भजी." साहेब बाजेवर ऐसपैस बसले.

"अगं, साहेबांना भजी कर!" मी हाक मारली आणि डोळे मिचकावून मिचकावून दमलो. ही डबा घेऊन थेट बाहेर.

"अवो, खूळ लागलं का तुम्हाला? ह्या गंधकाचे भजे करू व्हय?"

झालं! जवानांनी माझे दंड धरले. ही दारात आडवी उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल, पाया पडेल.

"यांना न्यायचं तर न्या," ही म्हणाली, "पण आधी धुरळणी होऊ द्या. माझ्या बापाचं झाड हाय ते. मोहोर गळून राहिलाय!"

साहेबांनी वर मोहोराकडे पाहिलं. मग म्हणाले, "चढो मास्टर. बघू खरं काय ते."

चढलो. गंधकाची पुरचुंडी काठीला बांधून हलवली आणि नेमका वारा फिरला! साहेब पिवळे, जवान पिवळे, सगळे शिंकून शिंकून बेजार. मी घाबरून काठी सोडली, ती साहेबांच्या टोपीवर पडली. तिच्यामागोमाग मीही आलो.

साहेबांनी डोळे पुसले आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"छोडो इसे. ये क्या बम बनाएगा!"

मी हात जोडून उभा. ते फाटकाबाहेर जातात न जातात तोच ही म्हणाली, "अवो, वरची फांदी राहिली की!" पुन्हा चढलो.

उन्हाळ्यात आंबे उतरले. पहिला आंबा हिनं वडलांच्या नावानं काढून ठेवला, तेव्हा मलाही भरून आलं. पाटीभर आंबे अमीनसाहेबांकडे पाठवले. शेवटी त्यांच्यामुळेच तर सरकारला कळलं होतं, की हा माणूस अजिबात धोक्याचा नाही. हिला ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं!