माणसं किती?

सोलापुरात भाड्याची खोली बघायला गेलं की नाव, गाव, नोकरी, जात सगळं विचारतात, पण त्याच्याही आधी विचारतात, "माणसं किती?" बाहेरच्याला वाटेल, काय हौस आहे यांना माणसांची! तसं काही नाही. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येतं. तेवढ्या वेळात पिंपं, बादल्या, पातेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचं. त्यामुळे मालकिणीला भाडेकरूचं तोंड दिसत नाही, त्याला लागणाऱ्या घागरी दिसतात.

"दोघीच. मी आणि आई," मी सांगायचे.

इथपर्यंत सगळं गोड असायचं. मग आई काठी टेकत मागून यायची आणि मालकिणीची नजर तिच्या डाव्या पायावर जायची. आईच्या अंगावरून वारं गेलं त्याला दोन वर्षं झाली. ती घरातल्या घरात हिंडते, खणखणीत बोलते, एका हातानं भाकरी थापता येत नाही म्हणून माझ्यावर डाफरते. पण रात्री कधी कधी अंथरूण ओलं होतं. म्हणजे धुणं आलं, म्हणजे पाणी आलं. हे मी कुणालाच सांगत नव्हते, तरी बायकांना ते बघताक्षणी कळायचं. "कळवतो हं मॅडम," असं म्हणून दार लागायचं. कळवलं कुणीच नाही.

मी एका ज्युनियर कॉलेजात तासिकेवर शिकवते. तास झाला तर पगार, सुट्टी लागली की हरी हरी. राहत होतो ती खोली मालकाच्या मुलाच्या लग्नासाठी रिकामी करायची होती. "दसऱ्यापर्यंत बघा कुठंतरी," मालक हात जोडून म्हणाले होते. माणूस वाईट असता तर निदान भांडले असते. चांगल्या माणसांनी घराबाहेर काढलं की भांडायचीही सोय राहत नाही.

खोली नाहीच मिळाली तर काय, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं आणि दोघीही ते बोलत नव्हतो. मंद्रूपला मामाचं घर आहे. मी कुठल्याही बायकांच्या वसतिगृहात एका कॉटवर राहू शकत होते. आईला मात्र मामाकडे जावं लागलं असतं. वारं गेलं तेव्हा दवाखान्यातून ती महिनाभर तिकडेच होती. मामी काही कजाग नाही. पण आईला वाढताना पळी पातेल्यावर जरा जास्त आपटते, आणि आईला नेमकं तेवढंच ऐकू येतं. परत आली तेव्हा माझा हात धरून म्हणाली होती, "काय बी कर बाई, पर मला भावजयीच्या दारात परत बसवू नको." मी शब्द दिला होता. शब्द द्यायला काय लागतं!

घर पाहावं बांधून म्हणतात. ज्यानं ही म्हण केली त्यानं भाड्यानं शोधून बघितलं नसणार. कॉलेज सुटलं की मी गल्ल्या पालथ्या घालायचे. फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' लिहिलेलं असायचं आणि आत गेल्यावर "फक्त फॅमिलीला" निघायचं. आई आणि मुलगी म्हणजे फॅमिली नव्हे, ही माझ्या ज्ञानात पडलेली भर. एका बाईंनी तर "मिस्टर कुठं असतात?" विचारलं. मिस्टर नाहीत म्हटल्यावर म्हणाल्या, "मग जड सामान कोण उचलणार?" मी म्हटलं, "मीच. उचलून दाखवू?" ती खोलीही गेली. जीभ आवरत नाही, हा माझा जुना रोग.

भाड्याला सरकारी मदत मिळते असं एक सहकारी म्हणाल्या म्हणून एका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. घर बांधायला मदत होती, त्याला आधी जागा पाहिजे होती. भाड्यासाठी काही आहे का विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही सध्या बेघर आहात का?"

"अजून नाही."

"मग तसं कसं बसवणार मॅडम? झाल्यावर या."

ते चेष्टा करत नव्हते, नियमच तसा होता बहुतेक. मी जिना उतरून खाली आले आणि पायरीवर बसून रडले. लोक बघत होते. बघू देत म्हटलं.

आणि मग पितृपंधरवड्यात ती खोली मिळाली. मिळाली म्हणजे मिळता मिळता राहिली.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीच्या अलीकडे, एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरांचं बसकं घर होतं. मागच्या बाजूला एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, आणि अंगणात स्वतःचं बोअर. बोअर! त्या काकांनी माणसं किती हे विचारलंच नाही. आईला बघून उलट खुर्ची आणली. "धुवायचं तेवढं धुवा की. बोअरला काय, लई पाणी हाय," म्हणाले. भाडंही आवाक्यातलं. दाराला उंबरा नव्हता, त्यामुळे आईचा पाय अडत नव्हता. आई एकटीच आत गेली, ओट्यावरून हात फिरवला, खिडकी उघडून बघितली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती. मी पर्स उघडली.

"आज नको," आई म्हणाली.

"का?"

"पितराचं दिस हायत. नव्या घराचा बयाणा कोन देतं का आसल्यात? तुझ्या बाबांची तिथ बी अजून व्हायची हाय. घट बसू दे. त्या दिशी दिऊ, दूध उतू घालू, मग सामान आणू."

काका समजूतदार. "व्हय, ते बी बरोबर हाय. या की घट बसल्यावर," म्हणाले. मी पर्स बंद केली. मी शिकलेली, वर्गात पोरांना अंधश्रद्धेवर निबंध घालणारी. पण त्या क्षणी मला आईचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. वाटलं, इतकं चांगलं घर मिळतंय, तर चांगल्या दिवशीच घ्यावं. उगाच विषाची परीक्षा कशाला? मधल्या दिवसांत बाबांची तिथी केली. आईनं वाडीचं पान ठेवलं आणि कावळा झटक्यात शिवला. "बगितलंस? त्यांनाबी घर पसंत हाय," ती म्हणाली.

घटस्थापनेला सकाळी आम्ही रिक्षानं गेलो. आईच्या मांडीवर दुधाची पिशवी आणि नवी झाडणी होती. मागच्या खोलीच्या दारात बनियनवर एक पोरगा दात घासत होता. आत आणखी तिघे. टॉवेलच्या कारखान्यात कामाला आलेले, परमुलखातले. त्यांच्याकडे पितर वेगळे असतील, किंवा खोली मिळण्यापुढे पितर मागे राहिले असतील.

काका खरंच ओशाळले होते. "मी चार दिस वाट बगितली बाई. बयाणा दिला आसता तर ठेवली आसती की. नुसत्या शब्दावर कसं धरून बसायचं?"

परतताना रिक्षात आईनं दुधाची पिशवी मांडीवर तशीच धरून ठेवली होती. पिशवीला घाम सुटून तिचं लुगडं ओलं झालं होतं. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि म्हणाली, "माज्यामुळं गेली." मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलंही, पण थोडं उशिरा, आणि तो उशीर तिला ऐकू आला. पळीसारखाच.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी आणखी एक खोली बघायला गेलो. आई म्हणाली, "मीबी येती." वरच्या मजल्यावरची लहान खोली, अरुंद जिना. आई एकेक पायरी बसत चढली. मालकीण काकूंनी कोपऱ्यातलं पिंप दाखवलं. म्हणाल्या, नळ खालीच आहे, पाणी चढवून आणावं लागेल. मग विचारलं,

"माणसं किती?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "एकच. मी नुसती बगायला आली. माझं घर मंद्रूपला हाय."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. काकूंचा चेहरा एकदम खुलला. एकटी, नोकरीवाली, मॅडम. चहा आला. आईनं स्वतःच्या कनवटीचे पैसे काढून बयाणा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "दे आता. परत चुकी नको." मी दिला. नाही म्हणण्याइतकं बळ माझ्यात उरलं नव्हतं, आणि दुसरी खोलीही कुठं नव्हती.

दसऱ्याला तिनं माझ्या नव्या शेगडीवर दूध उतू घातलं, एका हातानं ओटा पुसला आणि विचारलं, "मंद्रूपची गाडी कवा हाय?"

फोन केला की "बरं हाय" म्हणते. मागे पळीचा आवाज येतो का, म्हणून मी कान देऊन ऐकते.

काकू माझ्यावर खूश आहेत. "तुमचं पिंप तर संपतच न्हाय की मॅडम. असा भाडेकरू पायजे," असं चारचौघींना सांगतात. परवा पाण्याचा दिवस होता. नवं पाणी भरायचं म्हणून उरलेलं शिळं पाणी मी बादली बादली करून मोरीत ओतलं. आईचं अंथरूण त्यात दोनदा धुऊन झालं असतं.