रुमालाखालचा भाव

त्या दलालाची मी जिरवली, आणि त्याचं मला अजूनही बरं वाटतं. लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जावं. कशाला विसरू? बीडमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घराच्या दारात उभी राहून मी कधीमधी तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवते, एकटीच हसते आणि मगच भाकरी थापायला बसते.

घर पाहिजे होतं ते सासऱ्यांसाठी. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांचा सगळा जन्म शिरूरकडच्या माळावर मेंढरांमागं गेला. मग लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आम्ही तेव्हा भाड्यानं वरच्या मजल्यावर राहायचो. जिना एवढा अरुंद की मामांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं आणि चौघांनी चार पाय धरून उतरवायचं. एकदा वळणावर खुर्चीचा पाय कचकला. मामांनी डाव्या हातानं कठडा असा धरला की सोडवता सुटेना. त्यानंतर जिन्याकडं नुसतं नेलं तरी ते डोळे गच्च मिटून घ्यायचे. दिवसभर खिडकीत बसायचे. आणि खिडकीतून दिसायचं काय, तर समोरच्या बिल्डिंगीवरच्या पाण्याच्या टाक्या. उघड्या आभाळाखाली झोपलेल्या माणसाला म्हातारपणी टाक्या बघायला लावल्या होत्या आम्ही. मला खालचं घर पाहिजे होतं, दाराबाहेर पाय टाकला की माती लागेल असं. बाकी हौस नव्हती.

मामांची आणि माझी बोलायची एक वेगळीच रीत होती. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं काढत नाहीत. दलाल खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकतो आणि खाली बोटं दाबून भाव ठरतो. कुठलं बोट, किती बोटं, सगळा पंजा, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला असतो आणि बाजूच्या माणसाला काही कळत नाही. वाचा गेल्यावर मामांनी तेच सुरू केलं. मी मंडईतून आले की माझा हात ओढून चादरीखाली घ्यायचे. मी भाजीचा भाव दाबून सांगायची. महाग आणली असली तर करंगळी अशी पिरगाळायचे की मी ओरडायची. आणि वांगी किडकी निघाली तर हात हातात घ्यायचे, एकही बोट दाबायचे नाहीत, नुसता सोडून द्यायचे. हे काय असतं, मी यांना विचारलं. हे म्हणजे माझे मालक, एसटीत कंडक्टर आहेत. ते हसून म्हणाले, "बाजारात मरतुकड्या जनावराला आसंच करत्यात. हात धरायचा आन् मोकळा सोडायचा. म्हंजी फुकट दिलं तरी नको."

आता तो दलाल. पूर्वी बैलबाजारात दलाली करायचा, मग प्लॉट आणि घरांच्या धंद्यात शिरला. काचेच्या दाराचं ऑफिस, गरागरा फिरणारी खुर्ची, पांढराशुभ्र शर्ट. पण खांद्यावरचा रुमाल तसाच. त्यानं आम्हाला हे घर दाखवलं. अंगणात लिंबाचं झाड, दारातून रस्ता दिसतो, रस्त्यानं सकाळी मेंढरं जातात. मी तिथंच हरखले. मामांना असं दार मिळेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. झेपेल तेवढा आकडा आम्ही सांगितला. तो म्हणाला, "झालं समजा, वैनी. नारायणगडाची शप्पत, घर तुमचंच."

मी मूर्ख, पेढे घेऊनच घरी आले. मामांना पेढा भरवला, दाराचं सांगितलं, लिंबाचं सांगितलं, मेंढरांचं सांगितलं. त्यांच्या डोळ्याला धार लागली. पलंगाखाली त्यांची जुनी काठी होती, ती काढायला लावली आणि उशाशी ठेवून घेतली.

आणि मग सुरू झालं. फोन लावावा तर ऑफिसातली पोरगी म्हणायची, साहेब साइटवर गेलेत. ऑफिसात जावं तर साहेब आत्ताच निघाले. शेवटी एकदा त्याचाच फोन आला, आवाजात साखर घोळून. "वैनी, जरा गडबड झाली. परळीची एक पार्टी आलीय. थर्मलच्या राखेचा धंदा हाय त्यांचा, पैशाला कमी न्हाई. तुमी थोडं वाढवा, मी सांभाळून घेतो." आम्ही वाढवलं. पुन्हा पार्टी, पुन्हा वाढवा. माझ्या हातातल्या पाटल्या त्यात गेल्या. घरमालकाला आम्ही भेटतो म्हटलं तर अंगावरच आला, "मालक लई तापट हाय. समोर भाव काढला की उठून जातो. सौदा मोडंल, मग मला बोल लावू नका." इकडं मामा रोज सकाळी काठीला हात लावायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी काय सांगणार होते? भांडी घासायच्या निमित्तानं मोरीत जाऊन रडून घ्यायची.

एक दिवस मी ब्लाउजसाठी दोरा घ्यायला बाजारात गेले. मी शिवणकाम करते. दुकानातून बाहेर पडले आणि फोन वाजला. तोच. "वैनी, मी परळीत हाय. पार्टी समोरच बसलीय. आखरीचं बोला." आणि आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू आला! समोर रसवंती, आणि रसवंतीच्या बाकड्यावर हा महाशय, पाठ माझ्याकडं करून, हातात रसाचा ग्लास. त्याच्यासमोर पार्टी म्हणून एक शेळी चिपाडं खात उभी होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, जावं आणि तो ग्लास त्याच्या शर्टावर ओतावा. पण मी गप राहिले. भररस्त्यात तमाशा केला असता तर तो हसून निसटला असता आणि घर हातचं गेलं असतं. मी गोड आवाजात म्हणाले, "बरं भाऊ, वाढवा. पण आता इसार उरकून टाका." त्या क्षणी मी मनात ठरवलं, मुडदा बशिवला तुझा, तुला असा धरीन की पुन्हा रुमाल टाकताना हात कापंल.

इसाराची बैठक त्याच घराच्या अंगणात झाली. घरमालक म्हातारे आबा होते, लेकीकडं राहायला चालले होते. तापट कुठले? आल्या आल्या माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, "बस बाई, सावलीला बस." दलालानं सतरंजीवर मांडी घातली आणि बोलायला लागला. कागदावर सरकारी भाव लिहायचा, वरचं सगळं त्याच्या हातून द्यायचं आणि खरा भाव कुणी तोंडानं काढायचा नाही, जुनी रीत आहे. असं म्हणून त्यानं रुमाल काढला, आबांच्या आणि स्वतःच्या हातावर टाकला, बोटं दाबली. आबांनी उदास मान हलवली. मग आमच्या यांच्याकडं वळून तो म्हणाला, "तुमचा तर ठरलेलाच हाय, साहेब."

आमचा ठरलेला. मग आबांचा का वेगळा ठरवायचा? आणि एवढा भाव मिळूनही म्हातारा उदास कसा? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी उठले, आबांसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "आबा, मी तुमच्या लेकीसारखी. एकदा माझ्या हातात हात द्या."

"हे बायामाणसाचं काम न्हाई, वैनी," दलाल घाईघाईनं म्हणाला.

"कावून? मला बोटं न्हाईत का?"

मी त्याच्या मांडीवरचा रुमाल ओढला आणि आमच्या हातांवर टाकला. आबांना आधी गंमत वाटली. मग मी आमचा वाढवलेला भाव दाबला, मामा दाबतात तसा, हळू आणि घट्ट. आबांचा हात थांबला. त्यांनी बोट हलवून पुन्हा विचारलं. मी पुन्हा दाबला. मग त्यांनी त्यांना सांगितलेला भाव दाबला. अग्गं बाई! आम्ही अगदी पहिल्यांदा सांगितलेल्या आकड्याच्याही किती खाली होता तो. मधलं सगळं या मेल्याच्या घशात जाणार होतं. माझ्या पाटल्या, आबांच्या म्हातारपणाची सोय, मामांचे खिडकीत कुजलेले दिवस, सगळं.

आबांनी रुमाल काढला आणि त्याच्याकडं बघत राहिले. "बे, बाजारात इतकी वर्सं डोळे झाकून तुझ्या हातात हात दिला मी," एवढंच म्हणाले. दलालाचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं. म्हणाला, गैरसमज झाला, पार्टी... "ती परळीची?" मी विचारलं. "रसवंतीपाशी चिपाडं खात होती, तीच ना?" आबांनी परत माझा हात घेतला आणि उघड्यावरच, सगळ्यांदेखत, आमचा पहिला भाव दाबला. मी त्यांची मूठ मिटली. सौदा झाला. दलाली मागायची त्याची छाती झाली नाही. चपला घालून तो चालता झाला.

कुणी म्हणेल, एवढ्यावर सोडायचं होतं. माझं पोट भरलं नव्हतं. वास्तुशांतीला मी मुद्दाम निरोप धाडला, भाऊ, तुमचं देणं ठेवलंय, येऊन घेऊन जा. लोभी माणूस, आला की! अंगण भरलं होतं. आबा लेकीसह आले होते, गल्लीतली झाडून सगळी माणसं होती आणि गोष्ट सगळ्यांच्या कानावर गेलेली होती. मी त्याला पाटावर बसवलं, गंध लावलं, टोपी घातली आणि नवा कोरा टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, जुन्या रुमालाखालचं आता सगळ्यांना दिसाया लागलंय. ह्यो जाड हाय." अंगण हसून लोळलं. बायका तर पदर तोंडात धरून हसत होत्या. आयुष्यात मला कुठलाच पदार्थ इतका गोड लागला नाही.

तो उठून निघाला, पण दारातूनच जावं लागणार होतं. दारात मामा होते. खुर्चीत बसलेले, काठी मांडीवर, अनवाणी पाय मातीत रुतवलेले. त्यांनी डावा हात वर करून त्याला बोलावलं. आजारी म्हातारा, आशीर्वाद देत असेल, असं त्याला वाटलं असणार. शिवाय सगळे बघत होते. वाकला आणि हात पुढं केला. मामांनी हात धरला आणि दातांनी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून हातांवर पाडला.

सगळ्यांनी माना पुढं काढल्या. टॉवेल जरासुद्धा हलला नाही. मग दलालाचा चेहरा उतरत गेला, माझ्या सगळ्या टोमण्यांनी उतरला नव्हता इतका. टॉवेल तिथंच टाकून, मान खाली घालून तो गेला. जेवलाही नाही.

मी पळत मामांपाशी गेले. "मामा, काय भाव काढला हो त्याचा?"

मामांनी माझा हात घेतला. माती लागलेल्या पायाची बोटं हलवत, रस्त्याकडं बघत जरा वेळ तसाच धरून ठेवला. एकही बोट दाबलं नाही. आणि सोडून दिला.