मुठीतल्या अक्षता

श्रावणात देवासच्या टेकडीवर ढग उतरले की शहरातला उजेड ताकासारखा पातळ होतो, आणि अशा दुपारी चित्रपटगृहाच्या काळोखात शिरलं की ओल्या छत्र्यांचा नि लोण्यातल्या पॉपकॉर्नचा मिसळलेला वास येतो. मला तिथे माझी सून, नेहा घेऊन गेली होती. ती बदनावर गावची, माहेरी हिंदी-माळवी बोलणारी. हा तिचा आमच्याकडचा पहिला श्रावण, आणि आमचं बोलणं अजून दूध, गॅस नि किल्ल्या यांपलीकडे गेलं नव्हतं. म्हणून मी नाही म्हटलं नाही.

पडद्यावर उडणारे वीर होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने प्राण सोडला तेव्हा सगळं सभागृह मुसमुसलं, नेहासुद्धा, मी कोरडी.

"कौन है ये?" मी विचारलं.

"मम्मीजी, इसी ने हीरो को पाला था ना, दूसरे पार्ट में."

म्हणजे जीव लावायचा दुसऱ्या भागात आणि रडायचं इथे. मला हा व्यवहारच संशयास्पद वाटला. आपली माणसं जी सोबत आणत नाही, ती गोष्ट कसली? आणि पुढच्या भागात जो उठून बसणार, त्याच्या मरणावर आसवं का घालवायची? पडद्यावर नावं सरकू लागली तशी मी उठले. नेहाने माझा पदर ओढला.

"बैठिए ना, अभी बाकी है."

खरंच, कोणीही उठलं नव्हतं; नावं संपल्यावर पुढच्या भागाचा एक तुकडा दाखवला. रिक्षात मी स्पष्टच म्हटलं, "हमारे यहाँ कहानी पूरी होती है. शुक्रवार को सुनना."

शुक्रवारी भिंतीवरच्या जिवतीच्या चित्राला आघाड्याची माळ घातली, चणे-फुटाण्यांचा नैवेद्य ठेवला. कहाणी ऐकताना मुठीत अक्षता धरायच्या आणि ती संपली की चित्रावर वाहायच्या, ही आमच्याकडची रीत. वाचन सासूबाईंकडून माझ्याकडे आलं. माझ्यानंतर ते नेहाने घ्यावं, नाहीतर या घरात ते थांबेल, हे मला ठाऊक होतं. मी खणखणीत वाचलं. धारहून आलेल्या जाऊबाईंनी अक्षता वाहिल्या, मी वाहिल्या. नेहा मात्र मूठ मिटून तशीच.

"अगं, वाहा की," जाऊबाई म्हणाल्या, "मुठीत भात शिजवतेस का?"

नेहा दचकली. "हो गई? मुझे लगा, अभी बाकी है."

जाऊबाई हसल्या. मला हसू आलं नाही. चित्रातला हत्तीवरचा कोण, वाघावरचा कोण, ही लेकुरवाळी कहाणीत कुठून येते, हे मला वाचावं लागत नाही. ते सगळे भाग मी परकराच्या वयापासून पाहिलेले. त्या सिनेमाबद्दलचा माझा संशय अजून फिटलेला नाही. तो आता फक्त सिनेमापाशी थांबत नाही, आमच्या कहाणीपर्यंतही येतो.

"रुक, मूठ मत खोल," मी नेहाला म्हटलं आणि तिच्या शेजारी सरकून बसले. समईच्या उजेडात चित्रातली सगळी माणसं एकदमच पुढे आली. यांतल्या कोणापासून सुरुवात करावी, ते मात्र मला पटकन सुचेना.